नागपूरचा एक इवला जलचर आणि त्याचे नाव



खेकडा, कोळंबी, जवळा ही नावे कानावर पडली की आपल्या मनापुढे कोकण उभे राहते, आणि ते साहजिकच आहे. समुद्र जेथे नदीत शिरतो त्या खाडीत दिवसातून दोनदा पाणी पालटते. भरतीला ते खारट होते, ओहोटीला गोडसर. या पालटत्या पाण्यात कवचधारी प्राण्यांच्या नाना जाती नांदतात. त्यातल्या ज्या बाजारात येतात त्या आपल्याला ठाऊक. पण ज्या डोळ्यांना जेमतेम दिसतात, ज्यांना कोळीणही नाव देत नाही, अशांची संख्या कितीतरी मोठी आहे. अशा जिवांच्या नव्या जाती शोधणे आणि त्यांची वर्गवारी लावणे, हे एक स्वतंत्र शास्त्रच होऊन बसले आहे.

मी ज्या नांदूरघाटचा, ते गाव बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात, बालाघाटच्या मुलखात. आमच्यापासून समुद्र फार लांब. आमच्या तालुक्याचे बरेचसे पाणी मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे आमच्या वाट्याची खाडी शोधायची तर थेट आंध्रच्या किनाऱ्यावर जावे लागेल! तेव्हा आज आपण खाडीपर्यंत न जाता गोड्या पाण्याच्या काठीच बसू. कारण खेकड्याची ही चिमुकली भावकी आपल्या तळ्यांत, डबक्यांत, बारवांत आणि शेताच्या बांधाशी साचलेल्या पाण्यातही आहे. आणि तिच्यापैकी एकाची कथा आपल्या नागपुरात सुरू होऊन साऱ्या जगभर फिरून आली आहे. ती कथा अजून पुरी झालेली नाही, म्हणून ती आज सांगण्यात विशेष गोडी आहे.

प्रारंभीच एक खुलासा करतो. मी मराठीचा अध्यापक, एम. ए. झालेला, प्राणिशास्त्राचे माझे ज्ञान आमच्या महाविद्यालयातील त्या विषयाच्या सहकाऱ्यांकडून आणि त्यांच्या सूक्ष्मदर्शकातून मिळालेले, म्हणजे उसने आहे. परंतु नाव ठेवणे हा भाषेचा प्रांत आहे, आणि आजचा विषय निम्माअधिक नावाचाच आहे.

कोणी विचारील, मसुराच्या दाण्याएवढ्या प्राण्याला काय नाव दिले, याने जगाचे काय अडते? मराठवाड्यातल्या माणसाने तरी हा प्रश्न विचारू नये. आपल्याकडच्या वडीलधाऱ्या मंडळींना नारू आठवत असेल. पायातून हळूहळू बाहेर येणारा तो हातभर, दोन हात लांबीचा पांढरा दोरा. तो काडीला गुंडाळत बसलेला माणूस. आणि पेरणीच्या ऐन दिवसांत अंथरुणाला खिळलेले घरचे कर्ते हात. हा रोग येत असे पायऱ्यांच्या विहिरींतून आणि उघड्या तळ्यांतून. नारू झालेला माणूस पाण्यात उतरला की जंताची पिले पाण्यात पडत. ती पिले सायक्लॉप्स नावाचा, मिलिमीटरभर लांबीचा, एका डोळ्याचा कवचधारी प्राणी खात असे. आणि ते पाणी न गाळता जो पिई त्याच्या पायाला पुढल्या वर्षी नारू फुटे. सायक्लॉप्सचा यातला वाटा रशियन शास्त्रज्ञ फेडचेंको याने १८७० च्या सुमारास तुर्कस्तानात शोधून काढला. पुढे आपल्या देशात १९८३-८४ पासून मोहीम चालली. पायविहिरी बंद झाल्या, हातपंप आले, पाणी फडक्याने गाळण्याचा उपदेश गावोगाव झाला, पाण्यात टेमेफॉस टाकले गेले. जुलै १९९६ मध्ये राजस्थानात शेवटचा रोगी सापडला आणि २००० च्या फेब्रुवारीत जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे मान्य केले. आता यातली गोम अशी की सगळेच सायक्लॉप्स नारूचे पिलू पोसत नाहीत. काही जाती पोसतात, काही नाही. म्हणजे चोर कोण आणि साव कोण हे ठरवायला कोणाला तरी डोळे फोडून त्यांच्या पायांवरचे केस मोजावे लागले. त्या केस मोजण्यालाच वर्गीकरण म्हणतात.

असो. आता नागपूरला चलू.

इसवी सन १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटलंडचा एक तरुण मिशनरी नागपुरास आला. त्या वेळी नागपुरात भोसल्यांचे राज्य होते. तिसरे रघूजी गादीवर होते. हिस्लॉपने तेथे शाळा काढली. त्याच्या नावाचे महाविद्यालय पुढे १८८३ मध्ये निघाले आणि ते आजही नागपुरात नांदते आहे. धर्मप्रसार हा त्याचा व्यवसाय, पण त्याची नजर जमिनीकडे लागलेली असे. नागपूरच्या आसपास काळ्या पाषाणाच्या दोन थरांच्या मध्ये चिखलाचे थर दडलेले आहेत. लाव्हारसाचा एक पूर येऊन थिजला, त्यावर तळी साचली, त्या तळ्यांत गोगलगाई आणि इतर जलचर वाढले, आणि मग दुसऱ्या पुराने ते सारे झाकून टाकले. असे हे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे प्रकरण. हिस्लॉप आणि त्याचा सोबती रॉबर्ट हंटर यांनी या थरांतले अवशेष वेचले आणि १८५५ मध्ये त्यांवर लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात लेख प्रसिद्ध केला. विदर्भातील मांगलीच्या दगडांतून तर त्याने याहूनही पुष्कळ जुने अवशेष मिळवले. त्यांत नखाएवढ्या शिंपल्यांचे ठसे होते. ते शिंपले मात्र कालवाचे नव्हते. एका कवचधारी प्राण्याचे होते. १८६२ मध्ये रूपर्ट जोन्स याने त्याला मांगलीवरूनच नाव दिले: एस्थेरिया मांगलिएन्सिस.

आणि याच हिस्लॉपने नागपूरच्या पाण्यातून तसलाच एक जिवंत प्राणीही धरला. ज्याने दगडात शिंपल्याचा ठसा निरखला आहे, त्यालाच तळ्याच्या शेवाळात अडकलेला तसला दाणा ओळखू यावा, असे मला वाटते. एरवी त्या तळ्यावर रोज पाणी भरणारी, म्हशी धुणारी, शिंगाडे काढणारी शेकडो माणसे येत असतीलच की! त्यांच्या ओंजळीतून हा जीव कितीदा गेला असेल. पण तो कोणाच्या नजरेत भरण्याचे काही कारण नव्हते.

हा जीव दिसतो कसा, ते सांगतो. मसुराचा दाणा घ्या आणि तो काचेसारखा पारदर्शक, किंचित पिवळसर झाला आहे असे समजा. म्हणजे तीन ते पाच मिलिमीटरचा, जवळजवळ गोल असा एक चिमुकला शिंपला. त्याच्या दोन झडपा पाठीवर जोडलेल्या असतात. कालवाच्या शिंपल्यात मऊ मांसाचा गोळा असतो. यात मात्र आत पाहिले तर खेकड्याच्या भावकीला शोभेल असा सांध्यासांध्यांचा देह आहे. पायांच्या अनेक जोड्या लयीत हलताहेत, आणि त्या हालचालीने पाणी आत खेचून त्यातले अन्नकण गाळून घेतले जाताहेत. झडपांवर एकात एक अशी वळी असतात. हा प्राणी कात टाकतो तेव्हा बाहेरचे जुने कवच फेकत नाही. त्याखाली मोठे कवच येते आणि जुन्याची कड वळे होऊन राहते. झाडाच्या बुंध्यावरून वय सांगावे, तशी याच्या वळ्यांवरून त्याने किती वेळा कात टाकली ते सांगता येते.

हे नागपुरी नमुने लंडनला ब्रिटिश म्युझियममधील विल्यम बेअर्ड याच्या टेबलावर पोहोचले. बेअर्ड पेशाने डॉक्टर, आणि असल्या सूक्ष्म कवचधाऱ्यांवर त्याने १८५० मध्ये ग्रंथ लिहिलेला. योगायोग असा की बेअर्ड आणि हिस्लॉप दोघेही स्कॉटलंडच्या एकाच परगण्यातले, बेरिकशायरचे. बेअर्डने १८५९ मध्ये या प्राण्याचे वर्णन छापले आणि त्याला नाव दिले ‘एस्थेरिया हिस्लॉपी’.

येथे मला माझ्या विषयाकडे क्षणभर वळू द्या. ‘हिस्लॉपी’ या शब्दातला शेवटचा ‘ई’ ही लॅटिन भाषेतली षष्ठी आहे; आपल्या ‘चा, ची, चे’ सारखी. हिस्लॉपी म्हणजे हिस्लॉपचा. ‘मांगलिएन्सिस’ म्हणजे मांगलीचा. प्राण्याचे शास्त्रीय नाव दोन शब्दांचे असते: पहिला वंशाचा, दुसरा जातीचा. ही दोन शब्दांची पद्धत लिनीअसची, आणि प्राण्यांच्या बाबतीत १७५८ मध्ये निघालेल्या त्याच्या ग्रंथापासून नावांची मोजदाद सुरू होते. मी मुद्दाम ‘जाती’ म्हणतो. आपल्याकडे वर्तमानपत्रांतून अलीकडे ‘प्रजाती’ म्हणतात, कोणी तोच शब्द वंशाला वापरतो, आणि विद्यार्थी बिचारा दोन्हीकडून भांबावतो. लॅटिनची शिस्त कडक खरी, पण निदान घोळ तरी नाही.

या शिस्तीचा एक नियम आजच्या कथेत फार महत्त्वाचा आहे. नाव देणारा माणूस केवळ वर्णन छापून मोकळा होत नाही. ज्या नमुन्यावरून त्याने वर्णन केले तो नमुना संग्रहालयात जपून ठेवायचा असतो, आणि नाव त्या नमुन्याला बांधलेले असते. पुढे त्या जातीविषयी कितीही वाद झाला तरी नावाचा दाखला शोधायचा तो त्या बाटलीत आणि ज्या गावी तो नमुना सापडला त्या गावच्या पाण्यात. आपल्याकडे सातबारा जसा एका गटाला बांधलेला असतो, तसाच हा प्रकार. म्हणजे ‘हिस्लॉपी’ हे नाव कायमचे नागपूरला बांधले गेले.

बिचारा हिस्लॉप मात्र फार जगला नाही. १८६३ च्या सप्टेंबरच्या ४ तारखेला टाकळघाटचे प्राचीन शिलावर्तुळ पाहून तो रात्री बोरीकडे घोड्यावरून परतत होता. वाटेतल्या ओढ्याला पूर आला होता. त्यात तो बुडाला. सेहेचाळीस वर्षे पुरी व्हायला चार दिवस उरले होते.

आता कथा नागपूरहून नॉर्वेला जाते. तेथील क्रिस्तियानिया शहरात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, जी. ओ. सार्स नावाचा प्राध्यापक होता. त्याला दूरदूरच्या देशांत जाऊन प्राणी धरता येत नव्हते. म्हणून तो तिकडची वाळलेली माती मागवी! तळे आटले की तळाच्या भेगाळलेल्या चिखलात या जिवांची टणक कवचाची अंडी राहतात. ती उन्हात भाजली, वर्षानुवर्षे कोरडी राहिली तरी मरत नाहीत. सार्स ती माती पाण्याच्या काचपात्रांत टाकून काय जन्मास येते ते पाहत बसे. ऑस्ट्रेलियातून आलेल्या अशाच मातीतून त्याच्या घरी हे गोल शिंपले-जीव उपजले. मेलेल्या, स्पिरिटात पांढऱ्या पडलेल्या नमुन्यावरून बेअर्डला जे कळू शकत नव्हते, ते सार्सने जिवंत प्राण्यावर पाहिले आणि १८८७ मध्ये प्रसिद्ध केले.

त्याने काय पाहिले? या प्राण्याच्या इतर शिंपलाधारी भावंडांची अंडी फुटली की त्यांतून एक अगदी निराळे पिलू निघते. त्याचे ना रूप आईसारखे, ना पाय पुरे. ते पाण्यात भटकत, रूपे पालटत मोठे होते. आमच्या या हिस्लॉपीची रीत वेगळी. आई अंडी आपल्या शिंपल्याच्या आत, पाठीवर बाळगते. पिले तेथेच वाढतात आणि आईची छोटी प्रतिकृती होऊनच बाहेर पडतात. बहुतेक वेळ नुसत्या माद्याच असतात आणि त्या नराविना प्रजा वाढवतात. नर क्वचितच आढळतो. ही रीत जलपिसवांची, म्हणजे तळ्याच्या पाण्यात टुणटुण उड्या मारणाऱ्या त्या बारीक जिवांची. म्हणजे अंगावर वस्त्र शिंपलाधाऱ्यांचे आणि घरची चालरीत जलपिसवांची! सार्सने ओळखले की हा एस्थेरियाच्या घरचा नव्हे. त्याने त्याच्यासाठी नवा वंश मांडला, ‘सायक्लेस्थेरिया’, म्हणजे गोल एस्थेरिया. आणि पुढे त्याच्यासाठी वेगळे कुलही झाले. आज तर त्याला स्वतंत्र गणच मानतात. शंभराहून अधिक वर्षांनी जनुकांच्या तपासणीनेही हेच सांगितले, की जलपिसवांचे सर्वांत जवळचे नातलग म्हणजे हा नागपूरकर.

खुद्द ‘एस्थेरिया’ हे नावही टिकले नाही, ती गंमत सांगतो. शोध करता असे आढळले की या जलचरांना ते नाव मिळण्याआधीच, १८३० मध्ये, एका माशीच्या वंशाला ते देऊन झाले होते. प्राणिजगतात एक नाव दोन वंशांना चालत नाही; आधी आला तो धनी. माशीने नाव ठेवून घेतले आणि शिंपल्यांना दुसरी नावे शोधावी लागली. नावाच्या या भाऊबंदकीत दुसरा शब्द मात्र, ‘हिस्लॉपी’, जसाच्या तसा राहिला. वंश बदलला, कुल बदलले, गण बदलला, हिस्लॉपी कायम.

यानंतर जगभरातून वार्ता येत गेल्या. श्रीलंका, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, उष्ण प्रदेशात जेथे जेथे शेवाळाची तळी तेथे तेथे हा गोल शिंपला सापडू लागला. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा तर सगळे सारखे. सर्वांना एकच नाव मिळाले: सायक्लेस्थेरिया हिस्लॉपी. पाठ्यपुस्तकांत लिहिले गेले की या गणात साऱ्या पृथ्वीवर जिवंत अशी एकच जाती उरली आहे. नागपूरच्या तळ्याचे नाव ॲमेझॉनच्या काठापर्यंत पोहोचले म्हणायचे!

मला स्वतःला ही गोष्ट प्रथम ऐकताच खटकली होती. शास्त्रज्ञ म्हणून नव्हे, भाषेचा माणूस म्हणून. आमच्या केजपासून वीस कोस गेले की बोली बदलते. आणि तीन महासागरांच्या पलीकडे राहून हा जीव जराही बदलला नसेल?

उत्तर २०१३ मध्ये मिळाले. श्वेंटनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रेंच गयाना, भारत, सिंगापूर, इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलिया येथले हे शिंपले-जीव घेऊन त्यांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना केली. या सहकाऱ्यांत आपल्या पुण्याचे समीर पाध्ये हेही होते. निष्कर्ष असा निघाला की बाहेरून सारखे दिसणारे हे प्राणी आतून फार वेगळे आहेत. तपासलेल्या एका जनुकात खंडाखंडांतला फरक १३ टक्क्यांहून जास्त भरला. प्रत्येक खंडात निदान एक तरी स्वतंत्र जाती. ऑस्ट्रेलियात तर चार शाखा, ज्यांच्या दोन किंवा तीन जाती होऊ शकतील. दक्षिण अमेरिकेची शाखा आशिया-ऑस्ट्रेलियाच्या शाखेपासून फुटली ती क्रिटेशस कालखंडात. म्हणजे भारत, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका हे भूभाग एका महाखंडातून विलग होत गेले त्या काळाशी तिचा संबंध जोडता येतो. लक्षात घ्या, नागपूरच्या पाषाणाखाली दडलेली ती तळी साचण्याच्याही आधी ही घरे वेगळी झाली होती. इतक्या कोटी वर्षांत त्यांचे चुलतभाऊ जे जलपिसू, त्यांनी नाना रूपे घेतली. आणि याने मात्र आपला गोल अंगरखा काही सोडला नाही.

आता पेच पाहा. एका नावाखाली अनेक जाती निघाल्या. मग ‘हिस्लॉपी’ कोणी व्हायचे? येथे तो सातबाऱ्याचा नियम उभा राहतो. नाव नागपूरला बांधलेले आहे. तेव्हा नागपूरच्या पाण्यातला जो असेल तो हिस्लॉपी, आणि बाकीच्यांनी आपापली नावे शोधावीत. पण नवे नाव देण्यापूर्वी जुनी दप्तरे उघडावी लागतात. गेल्या दीडशे वर्षांत कोणी त्यांपैकी एखाद्याला वेगळे नाव देऊन ठेवले असेल आणि नंतर ते रद्द समजले गेले असेल, तर तेच पुन्हा जिवंत होते. शिवाय बेअर्डच्या काळच्या बाटलीतला दीडशे वर्षांचा नमुना जनुकांची तपासणी करण्याजोगा क्वचितच राहतो. म्हणून अशा वेळी मूळ गावचा ताजा प्राणी लागतो. फॉर्मलिनमध्ये ठेवला तर आनुवंशिक द्रव्य बिघडते, म्हणून तो चांगल्या स्पिरिटात ठेवलेला हवा.

आणि मूळ गावी तळे हवे. याच ठिकाणी मला काळजी वाटते. १८५९ चे नागपूर आणि आजचे नागपूर यांत किती अंतर आहे ते मी सांगायला नको. जी गोष्ट नागपूरची तीच सोलापूरची, पुण्याची, बीडची. शहर वाढते तशी डबकी बुजतात, तळ्याला फरसबंदी काठ येतो, काठचे शेवाळ घाण म्हणून उपसले जाते. डासांच्या दृष्टीने ते योग्यही असेल. पण ज्या पाण्याला एखाद्या जगप्रसिद्ध जातीचा दाखला बांधलेला आहे, ते पाणी बुजले तर शास्त्रज्ञाने पुढे कोणत्या तलाठ्याकडे जावे?

नव्या जाती आता कुठल्या सापडणार, असेही कोणी म्हणेल. त्यासाठी २०१४ चे एक उदाहरण पुरे आहे. सह्याद्रीच्या पठारांवर पावसाळ्यात खडकातल्या खळग्यांत पाणी साचते. महिना-दोन महिन्यांचे ते पाणी. त्यात पाठीवर उताणे पोहणारे, कवच नसलेले, काचेसारखे नाजूक झिंगे असतात. इंग्रजीत त्यांना परी म्हणतात, आणि ते पोहताना पाहिले तर ते नाव पटते. त्यांच्यातली एक नवी जाती क्रिस्टोफर रॉजर्स आणि समीर पाध्ये यांनी त्या वर्षी जाहीर केली: स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस, सह्याद्रीचा. या मंडळींची जात ओळखायची ती नराच्या डोक्यावरील मिशांवरून. मादीला धरण्यासाठी त्या मिशांचे चिमट्यासारखे विलक्षण अवयव झालेले असतात. त्यांची वळणे, काटे, बोटे सुईच्या टोकाने उलगडून, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून, सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या आरशाच्या साहाय्याने कागदावर रेखायची. आणि आशियातल्या इतर सर्व जातींच्या चित्रांशी एकेक करून ताडून पाहायची. एका ओळीच्या नावामागे असे कित्येक महिने जातात. मग नमुने संग्रहालयात जमा. आपल्याकडे कलकत्त्याला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था आहे. तिचे पश्चिम विभागाचे केंद्र पुण्यात १९५९ पासून आहे. हे खळगे दर पावसाळ्यात भरतात आणि गुराखी त्यांत हातपाय धुतात. तरीही तेथील जीव २०१४ पर्यंत बेनाम राहिला होता.

आता थोडे आपल्या मुलखाचे. आमच्याकडे पाऊस रुसला की पाझर तलाव आटतात, आणि तळाची माती भेगाळते. बीड जिल्ह्याला हे चित्र नवीन नाही. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारची योजना आली, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून गाळ शेतात जाऊ लागला. शेतकऱ्याला सुपीक माती मिळते, तलावात पाणी जास्त साठते. या योजनेला मी नावे ठेवणार नाही. पण सार्सची गोष्ट ऐकलेल्या माणसाला त्या ट्रॉलीत आणखी काही दिसते. तो गाळ म्हणजे तलावाच्या जिवांचे कोठार आहे. कित्येक वर्षांची अंडी त्यात थरावर थर पडून आहेत. ती कपाशीच्या रानात पसरली की संपली. तेव्हा सगळा गाळ उपसण्याआधी त्यातली ओंजळभर माती जर कोणी बाजूला ठेवली, तर कोणाचे काय जाते?

हे काम आमच्या विद्यार्थ्यांना आणि शाळा-शाळांतल्या मास्तरांना जमण्यासारखे आहे, म्हणून त्याची रीत सांगून ठेवतो. आटलेल्या तळ्याच्या तळाची, वरच्या दोन बोटांची माती घ्यावी. खत-औषध पडलेल्या शेताकाठची घेऊ नये. ती सावलीत पुरती वाळवून कापडी पिशवीत ठेवावी. पहिल्या पावसाचे पाणी स्वच्छ भांड्यात धरावे. नळाचे पाणी चालत नाही, त्यातल्या औषधाने हे जीव मरतात. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत बोटभर जाडीची माती, वर वीतभर पाणी, आणि बरणी उजेडात पण थेट उन्हात नाही अशी ठेवावी. पाणी आधी गढूळ दिसेल. ते ढवळू नये. दोन-चार दिवसांनी पाठीमागे काळा कागद धरून पाहावे. हलणारे ठिपके दिसू लागतील. त्यांत कोणी झटके देत पळेल, कोणी उड्या मारील, कोणी उताणा पोहेल. गोल शिंपला दिसायला अधिक दिवस लागतील, आणि तो दिसेलच असे नाही. काहीही दिसले तरी रोजची नोंद करावी.

प्राणी पुरते वाढले की त्यांतले थोडे बारीक फडक्याच्या गाळणीने काढून स्पिरिटात ठेवावेत. बाकीचे असू द्यावेत, ते पुन्हा अंडी घालतील. बाटलीत कागदाची एक चिठ्ठी टाकायला विसरू नये. तिच्यावर गाव, तलावाचे नाव, माती घेतल्याची तारीख आणि पाणी घातल्याची तारीख लिहावी. आणि ही चिठ्ठी शिसपेन्सिलीनेच लिहावी, कारण शाई स्पिरिटात विरघळते.